बोहारणीचा नकार

दिवाळीच्या तोंडावर बडोद्यातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी पत्र्याची एक पेटी ठेवतात. कमरेइतकी उंच, वर सरकते झाकण आणि दर्शनी बाजूला गुजरातीत रंगवलेली विनंती, की आपले जुने कपडे येथे द्यावेत. आश्विन संपता संपता पेटी भरून जाते आणि तिच्याभोवती पिशव्यांचा, गाठोड्यांचा ढीग साचतो. २०२४च्या दिवाळीत, ज्या संस्थेकडे हे कपडे जायचे होते तिने निवडलेले असतील तरच नेऊ असे कळवले आणि निवडण्याचे काम आम्हा चौघींच्या गळ्यात पडले. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरून दोन दुपारी आम्ही एकोणीस पोती उपसली.

त्या पोत्यांत काय होते ते सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे हवेतले ठरेल. शाळेचे बोधचिन्ह शिवलेले गणवेश होते, जे त्याच शाळेतल्या मुलाखेरीज कोणाच्याही उपयोगाचे नाहीत. नवरात्रातल्या चणियाचोळ्या होत्या, आरसे निखळलेल्या, घेराच्या काठाला चिखल वाळून कडक झालेल्या. एकेकटे मोजे होते. आतले कपडे होते, आणि तेही न धुतलेले. लग्नातल्या साड्यांवरचे ब्लाउज होते, ज्यांच्या साड्या मात्र मालकिणींनी स्वतःकडेच ठेवल्या होत्या. एका पिशवीत चक्क ओला टॉवेल होता. स्वच्छ, धडके, बटणे शाबूत असलेले आणि कोणीही आनंदाने घालावेत असे कपडे एकूण ढिगाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरले. आमच्या सोसायटीत शिकलेली आणि एरवी कनवाळू म्हणावीत अशीच माणसे राहतात. परंतु यातला एकही कपडा त्यांनी स्वतःच्या बहिणीला किंवा मेहुण्याला देऊ केला नसता. पेटीला दिला, कारण पेटी नाही म्हणत नाही.

माझे म्हणणे नेमके याच ठिकाणी आहे. जुन्या कपड्यांच्या देवघेवीत घेणाऱ्याला नकार देण्याची सोय असली पाहिजे. ती सोय जिथे आहे तिथे कपडा खऱ्या गरजेपर्यंत पोहोचतो, आणि ती नाही तिथे दान या नावाखाली केवळ आपला पसारा दुसऱ्याच्या दारात जातो. कपाट आवरण्याचे हल्ली जे कौतुक चालले आहे, त्यात आपले घर किती मोकळे झाले आणि मन किती हलके झाले याचीच मोजदाद असते. फाटकाबाहेर गेलेल्या पिशवीचे पुढे काय होते हा प्रश्न त्यात बसत नाही.

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण ज्यांना आठवते त्यांना हे चटकन पटेल. दांडिया बाजारातल्या माझ्या माहेरच्या वाड्यात ती महिन्यातून एकदा तरी यायची. डोक्यावरच्या पाटीत स्टीलची भांडी, पाठीवर कपड्यांचे गाठोडे, आणि यायची वेळ ठरलेली, म्हणजे पुरुषमंडळी कामावर गेली आणि जेवणखाण आटोपून घरात जरा सामसूम झाली की. गुजरातेत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने देवीपूजक समाजातल्या बायकांनी चालवला आहे. आई ओटीवर कपडे आणून ठेवायची आणि तिथून पुढचा अर्धा तास अधिकार आईचा नसून समोर उकिडव्या बसलेल्या त्या बाईचा असायचा. ती कपडा दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरायची, कारण विरलेले सूत उजेडातच दिसते. शर्टाची कॉलर उलटून पाहायची, पँटची चेन वरखाली करायची, बैठकीची शिवण चिमटीत धरून ओढायची, आणि मग एखादा कपडा आईच्याच पुढ्यात परत टाकून म्हणायची, "बेन, आ नै चाले." आई चिडायची, हा शर्ट यांनी चारदासुद्धा घातलेला नाही असे सांगायची, पण कपडा परत आलेला असायचा. जरीचे लुगडे निघाले की मात्र तिचा चेहरा एकदम कोरा होई. खरी जरी जाळून तिच्यातली चांदी काढून घेणारे व्यापारी असतात, आणि हे घरातल्या बाईला ठाऊक नसेल तर बरेच, असा तो हिशेब असावा. आईला ते ठाऊक होते. शेवटी एक पातेले किंवा झाकणाचा डबा, आणि वर एक चमचा मागून घेतल्याशिवाय व्यवहार पुरा होत नसे.

या व्यवहाराकडे आपण फार तर गंमत म्हणून पाहत आलो. प्रत्यक्षात ती एक काटेकोर यंत्रणा होती, आणि अजूनही आहे. बोहारीण घेतलेले कपडे घरी नेऊन निवडते. घालण्याजोगे धुवायचे, उसवलेले शिवायचे, बटणे लावायची, विटलेल्याला रंग द्यायचा, इस्त्री करून घडी घालायची. न घालण्याजोग्या सुती कपड्यांच्या चिंध्या कारखान्यांत यंत्रे पुसायला जातात. त्यानंतर माल बाजारात येतो. अहमदाबादेत साबरमतीच्या काठावर दर रविवारी भरणारा गुजरी बाजार हा अशा मालाचा जुना ठिकाणा आहे. दिल्लीच्या रघुबीर नगरातला जुन्या कपड्यांचा बाजार तर पहाट व्हायच्या आधीच भरतो, आणि तिथेही हा धंदा मुख्यतः गुजरातेतून गेलेल्या याच समाजाच्या हातात आहे. या बाजारात नकाराची दुसरी फेरी होते. मुलाखतीसाठी पँट शोधणारा तरुण तीन पँटी कमरेला लावून पाहतो, भाव पाडून मागतो, नाही पटले तर पुढच्या पथारीकडे जातो. त्याने काय घालावे हे त्याच्या वतीने कोणी ठरवलेले नसते. खिशात थोडेच पैसे असले तरी तो तिथे गिऱ्हाईक असतो.

या बायकांच्या धंद्याला किंमत नाही असे समजणाऱ्यांनी १९७१चा डिसेंबर महिना लक्षात घ्यावा. अहमदाबादेत जुने कपडे विकणाऱ्या बायका आपल्या तक्रारी घेऊन, मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या संघटनेचा महिला विभाग सांभाळणाऱ्या इला भट्ट यांच्याकडे गेल्या. पुढे एका बागेत त्यांची सभा भरली, आणि आपली स्वतःची संघटना हवी ही मागणी त्या सभेतल्याच एका बाईने मांडली. त्यातून जी संस्था उभी राहिली आणि १९७२च्या एप्रिलमध्ये कामगार संघटना म्हणून नोंदली गेली, ती 'सेवा', म्हणजे स्वतःचा रोजगार करणाऱ्या स्त्रियांची संघटना. आज तिचे नाव जगभर घेतले जाते, पण तिच्या मुळाशी ज्या बायका होत्या त्यांत आपल्या आया ज्यांच्याशी एका चमच्यासाठी हुज्जत घालत होत्या त्या बोहारणीही होत्या, हे बडोद्याच्या मराठी घरांत क्वचितच कोणाला ठाऊक असते.

नकाराचे मोल मला मात्र पुस्तकातून कळले नाही. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री नदीने पंचवीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पस्तिशीच्याही वर मजल मारली, वस्त्यांत मगरी दिसू लागल्या, आणि आमचा तळमजला दोन दिवस पाण्यात राहिला. पाणी ओसरल्यावर कपाटाचा खालचा खण उघडला तेव्हा सासूबाईंची नऊवारी लुगडी चिखलाने एकमेकांना चिकटून एकच लगदा झाली होती. त्या आठवड्यात आम्हाला हवे होते ते कोरडे टॉवेल, चादरी, नवे आतले कपडे, झाडू आणि फिनेल. अशातच एक परिचित बाई गाडीतून आल्या आणि मोठ्या मायेने एक पिशवी हातात देऊन गेल्या. पिशवीत वर दोन कुडते होते, आणि खाली लाल, चकचकीत, बिनबाह्यांचा, पार्टीला घालतात तसा लांब झगा. माझे वय साठीला आलेले. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि थँक यू म्हटले. दुसरे काय म्हणणार होते? ज्याचे घर पाण्यात गेले आहे त्याने आलेली वस्तू परत करायची नसते, असे कोणी सांगावे लागत नाही. दिवाळीला मी तो झगा फाटकाजवळच्या पेटीत टाकून मोकळी झाले. हॉलमध्ये आठव्या की नवव्या पोत्यातून तो वर आला तेव्हा चौघी खूप हसलो, आणि तो कोणी टाकला असेल यावर तर्क चालले असताना मी काही बोलले नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर घडते तेव्हा त्याचे ओंगळ दृश्य होते. २६ जानेवारी २००१च्या भूकंपानंतर कच्छमध्ये आणि २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून ट्रक भरभरून जुने कपडे गेले. त्यांतले पुष्कळसे रस्त्यांच्या कडेला टाकलेले राहिले. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना दुसऱ्याचे उतरलेले कपडे घेणे अपमानाचे वाटले, आणि त्यांचे वाटणे रास्त होते. एका दिवसात सर्वस्व गेलेली ती कष्टाळू माणसे होती, भिकारी नव्हती. संकटग्रस्तांना पैसे पाठवावेत, किंवा त्यांनी सांगितलेली नवी वस्तू पाठवावी. जुना कपडा त्या गर्दीत पाठवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे दानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण या प्रश्नाला थेट भिडणारी गोष्ट कठोपनिषदाच्या आरंभीच येते. नचिकेताचा बाप सर्वस्वदानाचा यज्ञ मांडतो आणि ज्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध देऊन झाले अशा गाई दक्षिणा म्हणून वाटतो. पोराला ते पाहवत नाही. आपण या गोष्टीत लगबगीने पुढे यमाच्या दारात जातो, कारण तत्त्वज्ञान तिथे आहे. पण त्या गाई ज्यांना मिळाल्या त्या ब्राह्मणांचे काय झाले? दक्षिणा नाकारता येत नाही. त्यांनी त्या गाई घरी नेल्या असतील आणि मरेपर्यंत पोसल्या असतील.

व्यापारातही नकाराची वाट बंद केली की हेच होते. घानाची राजधानी आक्रा येथे कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. युरोप-अमेरिकेत लोक सद्भावनेने दान करतात त्या कपड्यांचा मोठा भाग गठ्ठे बांधून विकला जातो आणि अशाच बाजारांत येतो. तिथल्या भाषेत या मालाला 'ओब्रोनी वावू', म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे, असे म्हणतात. इतके कपडे कोणी जिवंतपणी टाकून देईल यावर पूर्वी विश्वास बसत नसे. तिथली विक्रेती पैसे मोजते ते बांधलेल्या गठ्ठ्याचे. आत काय आहे ते तिला उघडून पाहता येत नाही, त्यामुळे फाटके, डागाळलेले जे निघेल ते तिच्या कर्जावर चढते आणि कपडा शेवटी गटारात किंवा समुद्रात जातो. आमच्या ओटीवर बसून शर्टाची कॉलर उलटणारी बोहारीण त्या विक्रेतीपेक्षा कितीतरी बळकट जागी होती.

आता एक अडचण मान्य केली पाहिजे, आणि ती कापडाच्या जातीतच आहे. माझ्या आजीच्या घरात कपडा टाकून देणे असे काही नव्हतेच. लुगडे मध्ये विरले की तो भाग काढून दंड घालायचे, म्हणजे उरलेले दोन तुकडे जोडून शिवायचे. पुढे त्याचे जुनेर व्हायचे, आणि जुनेरापासून बाळाची दुपटी, गोधडीचे अस्तर, मग मसोते, आणि सर्वांत शेवटी पोतेरे. प्रत्येक पायरीवर कापड अधिक मऊ होई आणि पाणी अधिक शोषी, म्हणून त्याचा उपयोग वाढत जाई. पॉलिस्टरचे तसे नाही. ते सहजी फाटत नाही, विरत नाही, आणि पाणीही फारसे शोषत नाही, त्यामुळे त्याचे पोतेरे होत नाही. फरशीवर फिरवले तर पाणी नुसते इकडचे तिकडे होते. ज्या शहरात नायलॉनचा कच्चा माल असलेले कॅप्रोलॅक्टम गुजरात स्टेट फर्टिलायझर्सच्या कारखान्यात दशकानुदशके तयार होत आले, आणि जिथून कृत्रिम धाग्याच्या साड्यांचे सुरत दोन-अडीच तासांवर आहे, त्या शहरातल्या माणसाने या कापडाला नावे ठेवावीत हे थोडे कृतघ्नपणाचे आहे, हे मला कळते. धुवायला सोपे आणि किमतीला स्वस्त अशा त्या साड्यांनी माझ्या आईच्या पिढीचे कष्ट खरोखर कमी केले. पण त्या मरत नाहीत. सूत आणि पॉलिस्टर मिसळलेले, वर ताणले जाण्यासाठी स्पँडेक्स घातलेले कापड तर धागे वेगळे करणे कठीण म्हणून पुनर्वापरालाही नकोसे होते. पानिपतचे कारखाने जुने लोकरी कपडे रंगानुसार निवडून, पिंजून, त्यांचे पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेटे विणतात. तिथेही मालाची जात महत्त्वाची असतेच. फॅशन फॉर गुड या संस्थेने २०२२ साली केलेल्या पाहणीत भारतातला कापडाचा कचरा वर्षाला सुमारे ७८ लाख टन भरला, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास भाग वापरून टाकलेल्या कपड्यांचा होता. एवढा माल कोणतीही बोहारीण उचलू शकणार नाही, हे खरेच आहे.

परंतु म्हणूनच तिचा नकार अधिक मोलाचा ठरतो. तिने परत केलेला कपडा आपल्याच घरात राहतो आणि दर वेळी कपाट उघडले की खरेदीच्या वेळी आपण काय केले ते दाखवतो. पेटी ही आठवण पुसून टाकते, आणि मोकळ्या झालेल्या खणात पुढच्या सेलचे कपडे येऊन बसतात.

यावर आक्षेप येतो, की ज्याच्याकडे पथारीवरची पँट घ्यायलाही पैसे नाहीत त्याने काय करावे. आक्षेप खरा आहे. अशा माणसाला द्यावेच, पण विचारून द्यावे. मी अनेक वर्षे घरकामाच्या बाईंना दिवाळीत गाठोडे देत आले. पुढे कधीतरी कळले, की त्यातले दोन-तीन कपडे ठेवून बाकीचे त्या आमच्याच भागातल्या बोहारणीला विकत आणि भांड्याऐवजी रोख पैसे मागून घेत. आरंभी मला राग आला. मग लक्षात आले, की निवडण्याचे जे काम मी करायला हवे होते तेच त्या करत होत्या, आणि माझ्यापेक्षा चांगले करत होत्या. आता मी कपाट उघडून देते आणि त्यांना हवे ते त्या काढून घेतात.

दुसरा आक्षेप संस्थांविषयीचा आहे. सगळ्याच संस्था पेटीसारख्या नसतात. अंशु गुप्ता यांनी १९९९ साली स्थापन केलेली 'गूंज' शहरातले कपडे घेते, निवडते, दुरुस्त करते आणि गावात विहीर खोदणे, रस्ता नीट करणे अशा गावकऱ्यांनीच ठरवलेल्या कामाचा मोबदला म्हणून देते. न घालण्याजोग्या सुती कापडाचे बायकांसाठी पाळीत वापरायचे स्वच्छ पॅड होतात. त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्यांवर पडलेले कपडे याच संस्थेने नंतर उचलून मार्गी लावले. गुप्तांना २०१५चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो कपडे वाटण्यासाठी नव्हे, तर कपडा हे भीक न राहता मोबदला कसा होईल हे दाखवून दिल्याबद्दल, असे मी मानते.

राहिला प्रश्न सार्वजनिक धोरणाचा. मे २०२३मध्ये केंद्र सरकारच्या मोहिमेत देशभरातल्या शहरांनी जुने कपडे, पुस्तके, खेळणी स्वीकारणारी केंद्रे उघडावीत असे सांगण्यात आले. हेतू उत्तम होता. पण पेटीचेच ते मोठे रूप आहे, कारण तिथेही आलेला माल कोणी उजेडाकडे धरून पाहत नाही. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणे सदस्य देशांना बंधनकारक केले आहे आणि दारोदार जाऊन निवडणारी माणसे कुठून आणायची हा त्यांच्यापुढचा पेच आहे. आपल्याकडे ती माणसे आहेत, मात्र सोसायट्यांचे पहारेकरी त्यांना फाटकातून आत सोडत नाहीत. महानगरपालिकेने त्यांना ओळखपत्रे द्यावीत, सोसायट्यांनी महिन्यातले दोन दिवस ठरवून आत येऊ द्यावे, आणि शहरात एखादे छप्पर, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह असलेली जागा पहाटेच्या बाजारासाठी राखावी. ज्या गावात महाराणी चिमणाबाईंच्या नावाचे स्त्री उद्योगालय १९१४पासून बायकांना शिवणकाम शिकवत आले आणि ज्याच्या विद्यापीठात वस्त्रशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, त्या गावात जुना कपडा उलटून, आल्टर करून पुन्हा विकण्याजोगा करण्याचे काम शिकवणे अवघड नाही. या बायकांकडूनच त्यातले निम्मे शिकता येईल.

२०२४च्या दिवाळीतल्या त्या एकोणीस पोत्यांतले चांगले कपडे संस्थेने नेले. उरलेल्यांसाठी मी पहारेकऱ्याशी थोडी वादावादी करून एका बोहारणीला आत आणले. तिने आम्ही निरुपयोगी ठरवलेल्या ढिगात हात घातला आणि पहिल्याच झटक्यात तो लाल झगा बाहेर ओढला, अस्तर उलटून पाहिले, आणि यात लहान मुलीचे दोन फ्रॉक निघतील असे म्हणून गाठोड्यात टाकला. आम्ही जपून वेगळा ठेवलेला एक महागडा कोट मात्र तिने हातही न लावता परत सरकवला. बडोद्यात तो घालणार कोण, असा तिचा सवाल होता. तासाभरात तिने तीन पोती भरली, आम्हाला एक पातेले देऊ केले, आणि बाकीच्याला 'नै चाले' म्हणून निघून गेली. ती उरलेली पोती अजून जिन्याखाली आहेत आणि त्यांचे काय करायचे हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे.